मावल्याचा बदली गोलंदाज

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. किसन गुरनुले आज जिवंत आहे की नाही हे मला ठाऊक नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो: तो मला कधीच आवडला नाही. मलाच काय, आदिलाबादच्या आमच्या क्रिकेट क्लबात तो कुणालाच आवडत नव्हता. त्यालाही आमच्यातलं कुणी आवडत नव्हतं. त्यामुळे कुणी कुणावर अन्याय केला असं म्हणायला जागा नाही. निदान बरीच वर्षं मी स्वतःला तसं सांगत आलो.

किसन आदिलाबादला लागूनच असलेल्या मावला गावचा माळी. वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायचा आणि सकाळी बाजारात माल टाकून सायकलवर मैदानात यायचा. अंगानं काटकुळा, हात मात्र लांबलचक. आम्ही कचेरीतली आणि कोर्टातली माणसं पांढऱ्या विजारी घालून खेळायचो. हा धोतराचा काचा मारून, अनवाणी. कॅनव्हासचे बूट एकदा क्लबानं देऊ केले तर म्हणाला, "तुमचे बूट तुमीच घाला. माह्या पायाले जमीन समजली पाह्यजे." कुणी काही चांगलं करायला गेलं की त्याच्या तोंडावर मारायचं, ही त्याची रीत होती.

आमच्या मैदानावर गवत कुठलं? काळी माती ठोकून त्यावर काथ्याची चटई अंथरायची आणि कडेनं खिळे ठोकून ताणायची, अशी आमची खेळपट्टी. चटई ताणायचं काम किसन दुसऱ्या कुणाला करू देत नसे. गुडघ्यांवर रांगत तो हातानं चटई चाचपायचा, कुठं सुरकुती दिसली की खिळा उपटून पुन्हा ठोकायचा. आम्ही हसायचो. तो आमच्याकडे न बघता म्हणायचा, "हासा. जेवाले बसताना पान कसं हाय हे न पाहनारे लोक तुमी."

एवढी चटई ताणून चेंडू मात्र त्याच्या हातात पडायचा नाही. सुरुवातीला टाकायचे ते आमचे कप्तान बापूसाहेब वकील आणि पोलिसातले एक जमादार. नवा चेंडू त्या दोघांचा. ते दमले, घामाघूम होऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले की मग बापूसाहेब नाराजीनं हाक मारायचे, "ये रे किसन." किसन बदली गोलंदाज. क्लबात तो नऊ वर्षं होता, आणि नऊ वर्षांत नवा चेंडू त्याच्या हातात मी एकदाही पाहिला नाही.

हे त्यानं स्वीकारलं होतं असं समजू नका. सामना सुरू व्हायच्या आधी तो जमादारांजवळ जाऊन अगदी आपुलकीच्या आवाजात विचारायचा, "काय जमादार, खांदा दुखून राह्यला का?" जमादार नाही म्हणाले की तोंड पाडून परत यायचा. "दुसऱ्याच्या दमन्यावर माह्यं पोट हाय," असं तो उघड म्हणायचा. आपल्याच गोलंदाजांचे खांदे दुखावेत म्हणून देवाला नारळ बोलणारा खेळाडू मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

पण चेंडू हातात आला की बोलायची सोय राहायची नाही. चार पावलं चालायचा, पळायचाही नाही, आणि लांब हात फिरवून टाकायचा. चेंडू झिजून चिंधी झालेला असायचा. आम्ही एकच चेंडू तीन-तीन सामने वापरायचो. त्याच चेंडूला किसन काय करायचा देव जाणे, चटईवर टप्पा पडला की तो साप वळावा तसा आत शिरायचा. फलंदाज बाद होऊन जाऊ लागला की किसन त्याला वाट देताना म्हणायचा, "वांगं किडकं निंगालं." रोज तेच. नऊ वर्षांत त्याला दुसरा विनोद सुचला नाही.

मी त्या क्लबाचा धावफलक लिहायचो. तहसील कचेरीत कारकून होतो आणि अक्षर बरं होतं, म्हणून वही माझ्याकडे. लोक मला मुनशी म्हणायचे. पहिल्याच वर्षी एका सामन्यानंतर किसन माझ्या टेबलापाशी आला, वही उलटी करून बघितली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मुनशी, चार गडी मी काढले. तू तीन लिवले. चौथा जमादाराच्या नावावर काऊन टाकला बे?" मी म्हणालो, चुकून झालं असेल. तो म्हणाला, "चूक नोको म्हनू. चोट्टेपना म्हन." चूक खरंच होती. पण बापूसाहेबांसकट सगळे हसले आणि दुसऱ्या दिवशी कचेरीतला चपराशीसुद्धा मला बघून गालातल्या गालात हसत होता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं ते माझ्या मनातून गेलं नाही.

भैंशाशी झालेला सामना अजून आठवतो. भैंसा तेव्हा नांदेड जिल्ह्यात होतं, आणि तिथल्या जिनिंगवाल्यांचा संघ चांगला तगडा. त्या दिवशी आमचे दोघेही लवकर दमले. किसननं येऊन सहा गडी काढले. शेवटचे दोन उरले तेव्हा बापूसाहेबांनी चेंडू मागितला. त्यांचे मेहुणे यवतमाळहून पाहुणे आले होते, त्यांना दोन षटकं टाकायची हौस होती. किसननं चेंडू दिला नाही. तो चटईच्या मधोमध बसला, मांडी घालून, आणि चेंडू काच्यात खोचला.

"किसन, ऊठ," बापूसाहेब म्हणाले.

"नाई उठत. सोयऱ्याले खेळवाचं असन तर घरी खेळवा. हे आंगन नोका समजू."

अर्धा तास खेळ थांबला. भैंशाचे लोक पोट धरून हसत होते. शेवटी जमादारांनी त्याला दोन्ही खांदे धरून उचललं. मेहुण्यांनी दोन षटकं टाकली, भैंशानं सामना जिंकला, आणि किसनला पुढचा सगळा मोसम घरी बसवण्यात आलं. त्या बैठकीची नोंद मी लिहिली. 'गैरवर्तन' हा शब्द मी सुचवला होता आणि तो सगळ्यांना फार पसंत पडला.

पुढच्या मोसमात त्याला परत घ्यावं लागलं, कारण जमादारांचा खांदा खरोखरच गेला. किसनचा नारळ पावला म्हणायचा. आणि नेमकं त्याच वर्षी हैदराबादहून निवड करणारे एक साहेब आले. पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं उलटली होती, नव्या सरकारची घडी बसत होती. राज्याच्या संघात फक्त शहरातलेच कशाला, जिल्ह्याजिल्ह्यातले खेळाडू बघू या, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं होतं. साहेबांनी आमचा सामना पाहिला. बापूसाहेबांना हात मिळवला, आणि मग सरळ चालत किसनपाशी गेले. किसन चटई गुंडाळत होता.

"नई गेंद वाले तो गली-गली में हैं," साहेब म्हणाले. "पुरानी गेंद से ऐसा डालने वाला मैंने कम देखा. जिले में नाम दर्ज रखो. बुलाएँगे."

किसननं चटई गुंडाळून पुरी केली. साहेब गेल्यावर गुंडाळलेल्या चटईवर बराच वेळ बसून राहिला. त्या दिवसापासून त्याचं एकच चाललं: आपण हैदराबादकडून एक तरी सामना खेळायचा. दुसरं काही त्याच्या डोक्यात उरलं नाही.

तो रोपवाटिका करणारा माणूस. त्याला आशाही रोपांसारखी मोजायची सवय. बाजारात मिरच्या विकता विकता तो गिऱ्हाइकाला सुनवायचा: "अकरा जन खेळते. त्यात बदलीवाले दोन. दोन जागा, अन् जिल्हे सोळा. एका वाफ्यात शंभर बिया टाकल्या तं तीस लागते, वीस जगते, दहाले फळ येते. मंग माह्यं काऊन नाई लागनार?" गिऱ्हाईक मिरची घेऊन पळायचं. मीही एकदा सापडलो होतो. मी म्हणालो, "सोळा जिल्ह्यांत दोन जागा म्हणजे तुझ्या वाट्याला किडकंच वांगं येणार, किसन." त्यानं तागडी खाली ठेवली आणि मला मिरच्या दिल्याच नाहीत.

तीन वर्षं बोलावणं आलं नाही. दर पावसाळा संपला की तो क्लबात येऊन विचारायचा, "कागद आला का?" आम्ही मिटक्या मारत 'नाही' म्हणायचो. याची मला आज लाज वाटते, पण खोटं कशाला सांगू, तेव्हा मजा वाटायची.

मग राज्यांच्या पुनर्रचनेचं वारं सुरू झालं. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार. मराठी जिल्हे मुंबई राज्याकडे, कानडी म्हैसूरकडे, तेलुगू आंध्राकडे. आता आदिलाबाद म्हणजे कोण? बाजारात मराठी, कचेरीत उर्दू, पाटीवर तेलुगू. चहाच्या दुकानात रोज भांडणं. आमच्याकडची मराठी माणसं छातीवर हात मारून सांगायची की अख्खं आदिलाबाद महाराष्ट्रात जाणार. सीमेवरच्या गावांत लोक आपली नावं या गावातून त्या गावात लिहून घेत होते. कुणी मामाकडे, कुणी सासुरवाडीला. राहायचे आपल्याच घरी. रेघ कुठून जाईल याचा नेम नाही, तेव्हा नाव तरी बरोबर बाजूला असावं, असा शहाणपणा. असा शहाणपणा रेघेवरच्या माणसालाच सुचतो.

किसनलाही सुचला. एके दुपारी तो कचेरीत आला. माझ्या टेबलासमोर उभा राहिला आणि मला पहिल्यांदाच 'तुमी' म्हणाला.

"मुनशीजी, तुमाले एक काम हाय. माह्या सकूनतीचा दाखला लिवून द्या."

सकूनत म्हणजे राहण्याचं ठिकाण. निजामाच्या वेळचा शब्द, आमच्या कचेरीत अजून चालायचा. मी म्हणालो, "मावला लिहू?"

"नाई. राजुरा तालुक्यातलं माह्या मामाचं गाव लिवा. मी इच्यार केला. आदिलाबाद तिकडं जानार. मंग हैदराबादवाले मले काऊन बोलावतीन? पन नागपूरच्या संघाले चेंडू टाकनारे भेटून नाई राह्यले म्हनते. राजुऱ्याचा असलो तं मी तिकडंचा पक्का. नाव आधीपासून तिथं पाह्यजे." मग थोडा थांबून त्यानं विचारलं, "तुमी कचेरीत बसता. तुमाले खबर असन. आदिलाबाद जाऊन राह्यलं ना तिकडं?"

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. त्याच सकाळी वरून एक कागद आला होता. कुठल्या तालुक्यांची दप्तरं बांधून दुसऱ्या राज्याला पाठवायची, त्याची यादी. त्यात आमच्याच जिल्ह्यातला राजुरा होता, किनवट होता. आदिलाबाद नव्हतं. तो कागद माझ्याच टेबलावर, दौतीखाली होता. मावला इथंच राहणार, किसन इथलाच राहणार, आणि पाच मराठी जिल्हे नि तीन कानडी जिल्हे गेल्यावर हैदराबादच्या सोळा जिल्ह्यांचे निम्मेच उरणार. त्याच्याच वाफ्याच्या भाषेत बोलायचं तर आता त्याचं रोप लागण्याची आशा पहिल्यापेक्षा दुप्पट झाली होती. हे मला त्या क्षणी लख्ख दिसत होतं. मी एवढंच म्हणायला हवं होतं, 'किसन, मावलाच राहू दे.'

मला वहीतला तो चौथा गडी आठवला. चोट्टेपणा आठवला. मी म्हणालो, "मला काय माहीत? सरकारचं काम आहे. तुला जे लिहायचं ते सांग."

त्यानं सांगितलं, मी लिहिलं. चांगल्या अक्षरात लिहिलं. त्यानं सही केली, दाखला घडी करून खिशात ठेवला आणि जाताना म्हणाला, "उपकार झाले." किसन गुरनुलेच्या तोंडून हे शब्द दुसऱ्या कुणी ऐकले असतील असं मला वाटत नाही.

पुढं व्हायचं ते झालं. राजुरा आणि किनवट तिकडे गेले, उलट भैंसा इकडे आलं, आम्ही होतो तिथंच राहिलो. राजुऱ्याच्या दप्तराबरोबर किसनचं नावही गाठोड्यात बांधून गेलं. मावल्याच्या यादीतून ते मीच कापलं. आणि दोनच महिन्यांनी क्लबाच्या पत्त्यावर हैदराबादहून पत्र आलं. जिल्हे कमी झाले होते, जागा रिकाम्या होत्या, साहेबांना तो अनवाणी माणूस आठवला होता. आदिलाबाद जिल्ह्याचा बदली गोलंदाज गुरनुले यानं निवड चाचणीला यावं, राहण्याचा दाखला सोबत आणावा.

किसन गेला. तिथं टेबलावरच्या माणसानं दाखला वाचला आणि विचारलं, हे राजुरा तर मुंबई राज्यात, तू इथं कसा? किसननं सांगून पाहिलं. साहेब त्या दिवशी नव्हते. त्याला चेंडूसुद्धा हातात दिला नाही. तो तसाच परत आला आणि चांद्याला तिथल्या क्लबवाल्यांकडे गेला, की मी राजुऱ्याचा आहे, मला तुमच्याकडून खेळवा. त्यांनी मामाच्या गावच्या पटवाऱ्याला विचारलं. पटवारी म्हणाला, हा कधीच इथं राहिला नाही, हा मावल्यात वांगी लावतो. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. नाव पुन्हा मावल्याला आणायचं तर दोन राज्यांच्या कचेऱ्यांतून कागद फिरायचा होता. तो दोन वर्षं फिरला. तोवर किसन छत्तिशीला आला आणि हैदराबादनं बदलीला दुसरा, तरुण मुलगा धरला होता.

दौतीखालच्या कागदाची गोष्ट त्याला चपराशानं सांगितली. चपराशी सगळं सांगतात. किसन कचेरीत आला तेव्हा मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो, कारण आता हा मारणार असं मला वाटलं. तो टेबलासमोर उभा राहिला. एवढा तोंडाळ माणूस, चेंडूसाठी मैदानात मांडी घालणारा. दौतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेला. त्यानं शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. आजही वाटेल.

त्यानंतर तो क्लबात आला नाही. बाजारात दिसायचा. मी त्याच्या बाजूच्या ओळीतून जात नसे.

शेवटचा पाहिला तो चार-पाच वर्षांनी. हैदराबादचे काही नामांकित खेळाडू आमच्याकडे दोस्तीचा सामना खेळायला आले होते. सकाळी त्यांच्या मोठ्या फलंदाजाला सराव करायचा होता. आमची नवी मुलं त्याला चेंडू टाकत होती आणि तो ते मैदानाबाहेर भिरकावत होता. कंटाळून त्यानं विचारलं, जुन्या चेंडूनं टाकणारा कुणी नाही का? बापूसाहेब म्हातारे झाले होते. त्यांनी मान खाली घालून कुणाला तरी बाजारात पाठवलं.

किसन आला. केस पांढरे झाले होते. कुणालाही नमस्कार केला नाही. चटई पायानं एकदा चाचपली, चार पावलं चालला आणि टाकलं. पहिल्या पाच चेंडूंत त्या फलंदाजाच्या यष्ट्या दोनदा उडाल्या. तो हसत सुटला. त्यानं अर्धा तास किसनचे चेंडू खेळले, आणखी तीनदा बाद झाला, मग बॅट काखेत मारून त्याच्याजवळ आला.

"वल्लाह! कां के हो मियाँ?"

किसननं धोतरानं कपाळ पुसलं. मी तंबूपाशी वही घेऊन बसलो होतो. त्यानं लांब हात करून माझ्याकडे बोट दाखवलं.

"इनकू पूछो, साब. मेरा गाँव येइच लिखते."

त्याला ती गंमत वाटली. तो माझ्याकडे वळला. "बोलो मुनशीजी, कां के हैं ये?"

"मावल्याचे," मी म्हणालो. "म्हणजे... येइच बाजू में. मावला."

"मावला? ये तो हमारेच इलाके का हुआ!" तो खरोखर चक्रावला होता. "फिर ये आदमी हमारी टीम में काय को नईं आया?"

किसन निघाला नाही. चेंडू हातात धरून तो तसाच उभा राहिला, माझ्याकडे बघत, मी काय सांगतो ते ऐकायला. घाई नव्हती त्याला. बापूसाहेब माझ्याकडे बघत होते, नवी मुलं बघत होती. एका वाक्याचं काम होतं.

"ऊन चढलं, साहेब," मी म्हणालो. "चाय ठंडी हो रही है."

किसननं चेंडू माझ्या उघड्या वहीवर आणून ठेवला आणि सायकल घेऊन बाजाराकडे गेला.